'शितावरून भाताची परीक्षा' हा तर्कदोष आहे का?

गेल्या महिन्यात भाचीसाठी पुण्यात रूम शोधत होतो. एका काकूंनी रूम दाखवली, छान बोलल्या, चहा पण टाकला, आणि मग गाव विचारलं. नांदेड म्हटल्याबरोबर सूरच बदलला. "नको हो, मागे नांदेडचीच एक मुलगी होती, तीन महिन्यांचं भाडं थकवून गेली, आता तिकडचं कुणी नको, शितावरून भाताची परीक्षा होतेच ना". भाची काही बोलली नाही, जिना उतरताना मात्र म्हणाली मावशी, हे तर हेस्टी जनरलायझेशन झालं, म्हणजे एखाद्या उदाहरणावरून सगळ्यांबद्दल ठरवून टाकणं, याला मराठीत काय म्हणायचं? मला चटकन सांगता आलं नाही आणि तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतेय.

पहिली गोष्ट, ती म्हण काकूंनी चुकीच्या जागी वापरली असं माझं मत आहे. घरी आपण पातेल्यातलं एक शीत दोन बोटांत चेपून बघतो, मधे कणी लागली की अजून पाच मिनिटं ठेवतो. ही परीक्षा बरोबरच असते, कारण तांदूळ एकच, पाणी एकच, आच एकच. संस्कृतात यालाच स्थालीपुलाक न्याय म्हणतात, न्याय म्हणजे इथे दाखला, स्थाली म्हणजे पातेलं, आणि गंमत बघा, पातेलं त्या नावातच आहे. म्हणजे म्हणीची अट एका पातेल्याची आहे. काकूंनी एका घरचं शीत चेपून अख्ख्या जिल्ह्याचा भात कच्चा ठरवला! लाखो माणसं काय एका पातेल्यात शिजलीयेत का?

आता शब्द. 'घाईचे सामान्यीकरण' हे सरळ भाषांतर आहे, आणि त्यात 'घाई' मला खटकते. काकूंनी घाई कुठे केली, चांगला चहा होईपर्यंत विचार केला त्यांनी. 'हेत्वाभास' हा जुना आणि नेमका शब्द आहे पण आज ऐकणाऱ्याची फसगत होते, कारण आपल्याकडे हेतू म्हणजे मनातला उद्देश, 'त्याचा हेतू चांगला नव्हता' वगैरे. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, हेतू म्हणजे अनुमानासाठी दिलेलं कारण. डोंगरावर आग आहे, का, तर धूर दिसतोय, इथे धूर हा हेतू. दिसायला हेतूसारखा पण हेतूचं काम न करणारा तो हेत्वाभास. बोलताना 'तर्कदोष' सोपा पडतो. पण या एका दोषाला सुटसुटीत शब्द काय?

प्रतिसाद
अतिव्याप्ती चालेल की. आणि रूम मिळाली का?

प्रतिसाद
अतिव्याप्ती नको, तो व्याख्येचा दोष आहे. 'शिंगं असतात ती गाय' म्हटलं की म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. 'तांबूस रंगाची ती गाय' म्हटलं की पांढरी गाय बाहेर राहते, ही अव्याप्ती. काकू नांदेडकरांची व्याख्या करत नव्हत्या, अनुमान करत होत्या, त्यामुळे शोधायचं तर हेत्वाभासांतच शोधा. पाच आहेत, सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित. यातला सव्यभिचार तुमच्या कामाचा, आणि इथे व्यभिचार म्हणजे आजचा अर्थ नव्हे हां, भरकटणं, सोबत सोडणं, म्हणजे दिलेलं कारण असतं पण जे सिद्ध करायचं ते दरवेळी त्याच्यासोबत नसतं. धुरावरून आग ठरवता येते पण उलट केलं, म्हणजे आग आहे म्हणून धूर असणारच म्हटलं, की फसतं, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते आणि धूर नसतो. मग धूर येतो कशाने? ओल्या लाकडाने. या ओल्या लाकडाला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, 'उपाधी' म्हणतात. आपण उपाधी म्हणजे पदवी नाहीतर डोक्यामागचा व्याप समजतो, तिथे अर्थ असा की खरं कारण जे नजरेआड राहिलंय ते. त्या मुलीने भाडं थकवलं असेल तर तिथे काहीतरी ओलं लाकूड असणार, नोकरी गेली असेल, घरी आजारपण आलं असेल किंवा ती मुळातच बेपर्वा असेल. गावाचं नाव ही नुसती आग झाली, धूर तिने आलेला नाही.

प्रतिसाद
आमचे वडील आचारी, लग्नाची कामं घ्यायचे, म्हणून शिताबद्दल बोलतो. मोठ्या टोपात भात असला ना तर ते वरचं शीत कधीच बघायचे नाहीत. लांब झाऱ्याने एकदा मधून, एकदा कडेचा आणि एकदा तळातून काढायचे, तिन्ही वेगवेगळे चेपायचे. वर भात मोकळा आणि तळाला खिमट असं नेहमी होतं म्हणायचे, आणि वरची मूठभर शितं बघितली तरी ती वरचीच, मूठभर काय नि परातभर काय. तेव्हा प्रश्न किती शितं बघितली एवढाच नाहीये, कुठली बघितली हा पण आहे.

मूळ लेखिका
आचारीकाकांचं वाचून एकदम १९३६ सालची अमेरिकेतली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आठवली, लँडन विरुद्ध रूझवेल्ट. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २० लाखांच्या वर उत्तरं परत आली, आणि त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं छापलं. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते काढलेले टेलिफोनच्या यादीतून, मोटारमालकांच्या यादीतून, आणि मंदीच्या दिवसांत फोन आणि मोटार कोणाकडे असणार! शिवाय उलट उत्तर धाडायचे कष्ट घेणारे लोकही वेगळेच. वीस लाख शितं चेपली पण सगळी वरची. म्हणूनच मला 'घाई' हा शब्द नको वाटतो, या लोकांनी केवढी मेहनत घेतली होती.

प्रतिसाद
'सरसकटीकरण' लोक वापरतात की. बाकी मराठीत प्रत्येक दोषाला म्हण तयार आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, म्हणजे एकामागून एक झालं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण नव्हे, काकतालीय न्याय तो हाच. समोरचा जे बोललाच नाही ते खोडत बसायचं, त्याला साप म्हणून भुई धोपटणं. विषयाला फाटे फोडणं आहेच. अमुक मोठे म्हणाले म्हणून खरं, हे बाबावाक्यं प्रमाणम्. वादात यातली एखादी म्हण फेकली की समोरच्याला लगेच कळतं, तर्कदोषाचं नाव घेतलं की उलट तो चिडतो, हा माझा रोजचा अनुभव.

मूळ लेखिका
म्हणींचं पटलं, साप म्हणून भुई धोपटणं तर आजच भाचीला पाठवते. सरसकटीकरण जवळचा आहे पण सरसकट हा शब्द स्वतः निर्दोष आहे ना, 'सरसकट कर्जमाफी' म्हणतो तेव्हा कुणाला न वगळता एवढाच अर्थ, ती मागणी असते. इथे दोष पुरावा नसताना सरसकट करण्यात आहे. म्हणून लिहिताना 'बिनबुडाचं सरसकटीकरण' आणि बोलताना 'एका शितावरून गावजेवण' असं मी म्हणणार आहे. गावजेवणात टोप बरेच असतात, त्यामुळे चूक कुठे झाली ते त्यातच दिसतं. सव्यभिचार आणि ओलं लाकूड भाचीने वहीत उतरवून घेतलंय, ते सांगणाऱ्यांचे मनापासून आभार.

रूम मिळाली, दुसऱ्या गल्लीत. तिथल्या आजींनी गाव विचारलं, नांदेड ऐकून म्हणाल्या आमच्याकडे आधीही नांदेडची एक होती, फार गुणी मुलगी, तुम्ही डोळे झाकून या. भाची माझ्याकडे बघायला लागली. हेही एकाच शितावरून झालं, मला कळत होतं, पण मी डिपॉझिट देऊन टाकलं.

मालवणी, अहिराणी, वऱ्हाडीत या दोषासाठी वेगळी म्हण असेल तर नक्की सांगा.