पॅट्रिक मूर : निवेदक की निरीक्षक?

रातवा

आमच्या शाळेच्या खगोल मंडळात दर महिन्याला एका आकाशनिरीक्षकाची ओळख करून देण्याची प्रथा आहे आणि या वेळी माझ्या वाट्याला सर पॅट्रिक मूर (१९२३–२०१२) आले आहेत. बीबीसीवरचा ‘द स्काय ॲट नाइट’ हा मासिक कार्यक्रम त्यांनी २४ एप्रिल १९५७ रोजी सुरू केला आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे ५५ वर्षांहून अधिक काळ तोच सादर करत राहिले, एवढे सगळीकडे वाचायला मिळते. त्यांचा एकभिंगी चष्मा, ताडताड बोलणे आणि झायलोफोनवादन यांचीही वर्णने भरपूर आहेत. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. या गृहस्थांजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, तरीही व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ त्यांना आपल्यातलेच मानत होते. ही मान्यता दूरचित्रवाणीवरच्या प्रसिद्धीमुळे मिळाली, की त्यामागे त्यांचे स्वतःचे काही काम होते? जाणकारांनी कृपया सांगावे.

दुर्बीणवाला

काम होते, आणि ते कॅमेऱ्यासमोर येण्याच्या कितीतरी आधीपासून होते. लहानपणी हृदयाच्या दुखण्यामुळे मूर यांचे बरेचसे शिक्षण घरीच झाले; सहाव्या वर्षी आईच्या संग्रहातले खगोलशास्त्राचे एक पुस्तक हाती पडले आणि अकराव्या वर्षी ते ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे सभासद झाले. ही संस्था हौशी निरीक्षकांची असली तरी हौशी कामाची नव्हे. तेथे किशोरवयातच त्यांनी चंद्रावरील लहान विवरांविषयी निबंध सादर केला होता. पुढे महायुद्ध आले, ते विमानदलात गेले, केंब्रिजला जाण्याचा बेत मागे पडला. युद्धानंतर सरकारी अनुदानावर शिकण्यापेक्षा त्यांनी शाळामास्तरकी पत्करली आणि रात्री चंद्र पाहणे चालू ठेवले.

त्यांचा खरा प्रांत म्हणजे चंद्राची कड. चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते हे आपण शाळेत शिकतो. पण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष किंचित कललेला असल्यामुळे तो आपल्या दृष्टीने हलकेच डुलतो आणि एकूण सुमारे ५९ टक्के पृष्ठभाग कधी ना कधी दृष्टीस पडतो. पन्नाशीच्या वरचा हा भाग टिपायचा म्हणजे चिकाटीची परीक्षाच असते. डुलणे अनुकूल हवे, त्याच वेळी त्या कडेवर ऊन तिरपे पडलेले हवे आणि आभाळ मोकळे हवे, तेही इंग्लंडात! कडेवरची विवरे इतकी चपटी दिसतात की विवर कोणते आणि डोंगररांग कोणती, हे कळेपर्यंत हवेची थरथर चित्र पुसून टाकते. निरीक्षक डोळा भिंगाला लावून बसतो आणि क्षणभर हवा स्थिर झाली की दिसेल ते पेन्सिलीने कागदावर उतरवतो. मूर यांनी ससेक्समधील घराच्या बागेत साडेबारा इंची परावर्ती दुर्बिणीने हे काम वर्षानुवर्षे केले. कडेवरच्या मारे ओरिएंटाले या प्रचंड वलयांकित खोऱ्याचा शोध आपण आणि आपले सहकारी चंद्रनिरीक्षक विल्किन्स यांनी लावला, असे ते सांगत. वास्तविक जर्मन निरीक्षक फ्रान्झ यांनी त्याची नोंद विसाव्या शतकाच्या आरंभीच केली होती.

चंद्रावर अधूनमधून दिसल्याचे सांगितले जाणारे क्षणिक प्रकाश आणि धूसरपणा यांची जी सूची नासाने १९६८ साली प्रसिद्ध केली, तिच्या चार लेखकांपैकी मूर एक होते. दूरचित्रवाणीचा लौकिक तिथे कामाला आला असेल असे मला वाटत नाही.

मृगशीर्ष

दुर्बीणवाला यांच्याशी सहमत आहे. मात्र निवेदक म्हणून त्यांचे जे कसब होते तेही कमी लेखू नये. सुरुवातीच्या काळात कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत असे, म्हणजे चूक झाली तर झाकायला जागा नव्हती. एकदा बोलताना भली मोठी माशी त्यांच्या तोंडात शिरली, तेव्हा ती गिळून त्यांनी वाक्य पुढे चालू ठेवले. (माशीचे काय झाले असेल याचा विचार कर, असे त्यांच्या आई नंतर म्हणाल्याचे ते सांगत.) ऑक्टोबर १९५९ मध्ये सोव्हिएत लूना-३ यानाने टिपलेली चंद्राच्या पाठीमागच्या बाजूची छायाचित्रे आली, तेव्हा ती पाहून तत्क्षणी प्रेक्षकांना समजावून सांगू शकेल असा माणूस बीबीसीजवळ होता, कारण त्या चित्रांच्या कडेवरचे ओळखीचे भाग त्याने स्वतः काढलेले होते. १९६९ साली अपोलो ११ च्या वेळीही ते बीबीसीच्या स्टुडिओत होते. दुर्दैवाने त्या प्रक्षेपणाच्या बहुतेक ध्वनिचित्रफिती जपल्याच गेल्या नाहीत.

इतक्या वर्षांत त्यांचा फक्त एक भाग चुकला, जुलै २००४ मध्ये, तोही हंसीच्या अंड्याने विषबाधा झाल्यामुळे. त्या वेळी खगोलशास्त्रज्ञ ख्रिस लिंटॉट यांनी सूत्रे सांभाळली आणि पुढे कार्यक्रम चालू ठेवणाऱ्यांत तेही राहिले.

खडूस वाचक

मंडळात बोलताना आरती ओवाळू नये, म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. चंद्रावरची विवरे ज्वालामुखीजन्य आहेत हे मत मूर यांनी, उल्कापाताचा पुरावा बळकट होत गेला तरी, बराच काळ सोडले नव्हते. निरीक्षण अचूक असले म्हणून निष्कर्षही अचूक असतो असे नाही, हे मुलांना यातून छान दाखवता येईल. दुसरे म्हणजे त्यांची राजकीय मते कडवी होती. स्थलांतरितांविषयी आणि बीबीसीतील स्त्रियांविषयी (२००७ साली) त्यांनी केलेल्या विधानांवर इंग्लंडातही सडकून टीका झाली. २००१ साली मिळालेली सर ही पदवी आणि रॉयल सोसायटीचे मानद सदस्यत्व सांगताना ही बाजू गाळू नये.

रातवा

सर्वांचे आभार. मुलांना प्रत्यक्ष करता येईल असे त्यांच्या कामातले काही सुचवाल का? आमच्याकडे चार इंची दुर्बीण आहे.

दुर्बीणवाला

कॅल्डवेल सूची घ्या. मूर यांचे पूर्ण आडनाव कॅल्डवेल-मूर. अठराव्या शतकातला फ्रेंच निरीक्षक मेसिए याच्या प्रसिद्ध सूचीतील आणि मूरच्या सूचीतील क्रमांक दोन्ही ‘एम’ने सुरू झाले असते तर घोळ झाला असता, म्हणून त्यांनी १९९५ साली आपल्या १०९ तारकागुच्छ, तेजोमेघ आणि दीर्घिकांना ‘सी’ हे अक्षर दिले. मेसिएने पॅरिसहून पाहिले, त्यामुळे दक्षिणेकडचे पुष्कळसे त्याच्या यादीत नाही. मूर यांची यादी खगोलीय उत्तर ध्रुवाजवळून सुरू होऊन क्रमाने दक्षिणेकडे उतरते. म्हणूनच ती महाराष्ट्रातून पाहणाऱ्यांच्या अधिक उपयोगाची आहे. सी-८०, म्हणजे ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ, इंग्लंडातून क्षितिजावर येतच नाही. पुण्याहून मात्र तो दक्षिणेला सुमारे २४ अंश उंचीवर येतो. मे महिन्यातल्या अमावास्येच्या आसपास रात्री दहाच्या सुमारास, दक्षिणेला शहराचे दिवे नसतील अशा जागी जा, आधी नुसत्या डोळ्यांनी पुसट ठिपका शोधायला लावा आणि मग कमी वर्धनाचे नेत्रभिंग लावा. सी-१०६ आणि त्यापुढच्या नोंदी मात्र आपल्याकडून दिसणार नाहीत, त्या यादीतून आधीच काढून टाका.