गृहसंकुलाचा लेआउट पक्का करण्याआधी पोलिसांच्या नजरेतून काय तपासावं?

आराखडेवाला: पुण्याच्या वेशीवर साडेसहा एकर जागा, चार इमारती, ४८० सदनिका. लेआउट अजून बदलता येईल. विकासकाच्या यादीत सुरक्षेपुढे तीनच गोष्टी आहेत: ६४ कॅमेरे, आठ फुटी भिंत आणि गेटला लागून ‘पोलीस चौकी’साठी खोली. यातलं काय ठेवावं? आणि नकाशातच काय सोडवून घ्यावं?

हद्दीतला: चौकीची खोली आधी काढा. ४८० घरं म्हणजे सव्वादोन हजारांच्या आसपास माणसं. केंद्राच्या २०१४ च्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत ४० ते ५० हजार लोकसंख्येमागे एक चौकी धरलीय आणि ९० हजारांमागे एक ठाणं. मनुष्यबळ मंजूर नसेल तर त्या खोलीला कुलूपच राहतं, पुढे तिथे झाडू-बादल्या येतात.

त्याआधी हद्द बघा. तुमच्या भागात पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशा तीन हद्दी एकमेकींना भिडतात. प्लॉट एका ठाण्याकडे आणि प्रवेशरस्ता दुसऱ्याकडे, असं सहज होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो हे खरं, पण गस्त हद्दीप्रमाणेच चालते. सर्व्हे नंबर आणि नकाशा जोडून दोन्ही ठाण्यांना पत्र द्या, उत्तर लेखी घ्या.

पत्त्याचंही तेच. फेज १ मध्ये ए विंग आणि फेज २ मध्येही ए विंग असेल, तर ११२ ला फोन करणारा ‘ए विंग, ७०२’ एवढंच सांगतो आणि गाडी चुकीच्या गेटवर उभी राहते. अक्षरं सगळ्या फेजना मिळून सलग द्या.

कुंपण_आणि_झाडं: आठ फुटी सलग भिंतीचा फायदा चोरालाच. एकदा आत उडी मारली की रस्त्यावरून तो कोणालाच दिसत नाही. तशीही यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, रस्त्याकडच्या भिंतीला १.५ मीटरची मर्यादा आहे, २.४ मीटरपर्यंत न्यायची तर वरचे ०.९ मीटर जाळीचे हवेत. झुडपं कमरेच्या खाली छाटलेली आणि झाडांच्या फांद्या दोन मीटरच्या वर, म्हणजे मधून नजर आरपार जाते. मुलांची खेळायची जागा जनरेटरमागच्या उरलेल्या कोपऱ्यात टाकू नका, बैठकीच्या खोल्यांच्या खिडक्यांसमोर घ्या. सांडपाण्याचे पाइप खिडकीच्या हाताच्या अंतरावर नकोत. डक्टचं, म्हणजे पाइप जातात त्या पोकळीचं, दार आतून नाही, बाहेरून कुलूपबंद हवं.

गेट रस्त्याच्या कडेपासून निदान १२ मीटर आत घ्या. बूम (गेटचा आडवा दांडा) उघडेपर्यंत दोन गाड्या थांबतात. त्यांना आत जागा नसेल तर रांग रस्त्यावर येते आणि वाहतूक शाखेचा पहिला आक्षेप तिथेच येतो. दुचाकींना वेगळी वाट द्या. शोभेची कमान हवीच असेल तर खाली ५ मीटर उंची आणि ४.५ मीटर रुंदी मोकळी ठेवा, नाहीतर अग्निशमनची गाडी बाहेरच अडकते.

आराखडेवाला: आणि कॅमेरे? ६४ जास्त आहेत की कमी?

फुटेज_बघणारा: आकडा सोडा, रुंदी मोजा. चेहरा ओळखायला चित्रात दिसणाऱ्या जागेच्या दर मीटर रुंदीमागे २५० पिक्सेल लागतात. ४ मेगापिक्सेलचं चित्र २५६० पिक्सेल रुंद, म्हणजे एका कॅमेऱ्याला जेमतेम १० मीटर. पार्किंगभर टांगलेल्या कॅमेऱ्यांत माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. त्यामुळे ओळखीचे कॅमेरे गेट, लिफ्ट लॉबी आणि जिन्याच्या तळाशी, छातीपेक्षा थोड्या उंचीवर. नंबरप्लेटसाठी वेगवान शटरचा स्वतंत्र कॅमेरा लावा, नाहीतर रात्री हेडलाइटच्या झोतात पाटी नुसती पांढरी येते.

साठवणूक: ४ एमबीपीएसला (सेकंदाला ४ मेगाबिट रेकॉर्डिंग) एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३ जीबी, ३० दिवसांचे १.३ टीबी. ६४ कॅमेऱ्यांना ८३ टीबी. हा खर्च बजेटमध्ये नसतो, मग रेकॉर्डिंग आठवड्यावर येतं आणि तक्रार दहाव्या दिवशी होते. रेकॉर्डर वॉचमनच्या केबिनमध्ये नको. कुलूपबंद खोलीत, यूपीएसवर. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील असं बसवा. वेळ बारा मिनिटं पुढे असली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडूनही न्यायालयात प्रश्न उभे राहतात.

हद्दीतला: एक राहिलं. घरफोडीच्या बातमीत ‘कडीकोयंडा तोडून’ हे शब्द उगाच येत नाहीत. बाहेर लोंबणारं कुलूप म्हणजे घर बंद असल्याची पाटीच. दारांच्या शेड्युलमधून (दारं आणि त्यांच्या सामानाची यादी) कडीकोयंडा काढा आणि दारात बसणारं डेडबोल्टचं कुलूप लिहा. चौकटीतली पट्टी लांब स्क्रूनी भिंतीपर्यंत पकडलेली हवी, नुसत्या लाकडात नको.