आधी केबल बघा, मग ब्रिज

बॅकअप सुरू झाला की होस्टचं (ज्या मशीनवर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालतात त्याचं) नेटवर्क काही सेकंद जातं आणि एरर वाढतात, असं तुम्ही लिहिलंय. वरच्या उत्तरांत सगळे ब्रिजच्या (व्हीएमना होस्टच्या पोर्टशी जोडणारा सॉफ्टवेअर स्विच) मागे लागलेत, पण आधी ईथटूल या लिनक्स कमांडने नेटवर्क पोर्टचे एरर काउंटर वेगवेगळे बघा. सीआरसी (वाटेत बिघडून आलेल्या पॅकेटांचा आकडा) वाढत असेल तर दोष बहुधा केबल, एसएफपी (पोर्टमध्ये बसवायचं मॉड्यूल) किंवा स्विचच्या पोर्टमध्ये. व्हीएमचा संबंध नाही. माझ्याकडे क्लिप तुटलेली पॅचकॉर्ड जरा हलली की आकडा चढायचा, आणि मी दोन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो होतो! सीआरसी शून्य, पण कर्नल लॉगमध्ये ‘हार्डवेअर युनिट हँग’ दिसतंय? इंटेल नेटवर्क कार्डांच्या ई१०००ई ड्रायव्हरचं हे जुनं दुखणं. टीएसओ, जीएसओ (मोठा डेटा पॅकेटांत तोडायचं काम शेवटी, शक्यतो कार्डावर, करणाऱ्या सेटिंग्ज) ईथटूलनेच बंद करून बघा. रीबूटनंतर ते टिकत नाही, म्हणून इंटरफेसच्या कॉन्फिगमध्येच लिहा.