बेळगाव-मिरज पॅसेंजरनं एका दिवसात काय बघावं?

प्रश्न: आईला घेऊन सकाळी बेळगावातून निघून रात्री परत यायचंय. चालणं कमी हवं.

टिळकवाडीची मावशी: बाळा, घटप्रभा स्टेशनला उतर, तिथनं बस नाहीतर रिक्षानं गोकाकचा धबधबा गाठ. घटप्रभा नदी 52 मीटर खाली कोसळते, पण पाणी बघायचं तर पावसाळ्यातच जा. उन्हाळ्यात नुसता कातळ दिसतो. काठावरचं चालुक्यकालीन महालिंगेश्वराचं देऊळ चुकवू नको, आईला निवांत बसता येईल. आणि करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, गोकाक गावातूनच घे.

रायबागकर: मावशी, पुढं चिंचलीची मायाक्का देवी राहिली की! फक्त माघातल्या यात्रेत वयस्कर माणसाला नेऊ नका, गर्दी फार.

मावशी: खरंय. पण दोन्ही एका दिवसात कोंबू नको बाळा. परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेव.