श्रद्धा गेली ती चर्चच्या अर्थसमितीत

मिठागर:
मी पश्चिम उपनगरातल्या मराठी कॅथलिक घरातला. आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) अर्थसमितीवर मी तीन वर्षे होतो (अशी समिती प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, असे कॅथलिक चर्चची १९८३ ची धर्मसंहिता सांगते). तेथे अपहार झाला नाही, हिशेब चोख होते; तरीही माझी श्रद्धा गेली ती तेथेच.

बावीस वर्षे वेदी मांडणारे आणि घंटा वाजवणारे आमचे सॅक्रिस्टन काका नऊ हजारांच्या पगारावर निवृत्त झाले. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार या दराने त्यांची ग्रॅच्युइटी सुमारे एक लाख चौदा हजार होत होती. परंतु तेव्हाचा १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा किमान दहा कर्मचारी असलेल्या आस्थापनेला लागू होई आणि आपल्याकडे सातच आहेत, हे एका सदस्याने दाखवून दिले आणि विषय मिटला. काकांना शाल आणि पाच हजारांचे पाकीट मिळाले. त्याच बैठकीत सणाच्या रोषणाईला दीड लाख मंजूर झाले, आणि हात वर करणाऱ्यांत मीही होतो. बैठकीच्या आधी प्रार्थना झाली होती, नंतरही झाली. पण मधल्या दीड तासात देव ऐकतो आहे असे समजून बोलणारे आमच्यात कोणीही नव्हते. त्याच्या असण्याने आमच्या एकाही वाक्यात फरक पडत नसेल, तर तो आहे असे आम्ही कशाच्या आधारावर म्हणत होतो?

वसईची वाट:
आपला राग रास्त आहे, निष्कर्ष नाही. रोमन सत्तेच्या छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले बाप्तिस्म्यासारखे संस्कार खरे मानावेत का, हा वाद चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत पेटला होता, आणि पुढे तिथलेच बिशप संत ऑगस्टिन यांनी ठामपणे मांडले की संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याच्या लायकीवर तो अवलंबून नसतो. आपल्याकडचेच पाहायचे तर रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, मिशनचा कारभार वीसहून अधिक वर्षे आतून पाहिला आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला. त्यांनी मिशन सोडले. ख्रिस्त सोडला नाही.

मिठागर:
टिळकांचा दाखला मला लागू पडत नाही, कारण त्यांना मिशनच्या पलीकडे ख्रिस्त दिसत होता. मला तो मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि धर्मशिक्षणाचे वर्ग यांतूनच भेटला होता. ऑगस्टिन यांचे म्हणणे तर मला अडचणीचेच वाटते: संस्था कशीही वागली तरी कृपेला बाध येत नसेल, तर तिला जाब विचारायचा तो कोणत्या तोंडाने?

चंद्रभागा:
मी वारकरी घरातली आहे, त्यामुळे चर्चच्या कारभाराविषयी बोलत नाही. चोखोबांना पंढरपुरात बडव्यांचा मार खावा लागला, तरी त्यांची विठ्ठलावरची निष्ठा ढळली नाही, कारण राऊळ बडव्यांचे असले तरी देव त्यांचा नाही हे त्यांना ठाऊक होते. आपण मात्र मारणाऱ्यांच्या रांगेत बसला होता आणि मग देवच नाही असे ठरवले. माफ करा, पण हे थोडे सोयीचे वाटते. ज्यांचे पैसे बुडाले, त्या काकांची श्रद्धा गेली का?

मिठागर:
नाही. ते दर रविवारी सकाळच्या मिस्साला पहिल्या बाकावर असतात, आणि मी येत नाही म्हणून माझ्यासाठी जपमाळ म्हणतात, असे आई सांगते. आपण सोयीचे म्हणालात ते मला झोंबले, म्हणजे त्यात तथ्य असावे. काकांच्या निष्ठेपुढे माझ्या युक्तिवादाचे वजन कमी पडते, हेही कबूल करतो. तरी एक नोंदवतो की त्या बैठकीत त्यांच्याविषयी काय बोलले गेले, हे काकांना कोणीच सांगितलेले नाही.

वसईची वाट:
मग आधी ते त्यांना सांगा. कायदा लागू नसला म्हणून रक्कम देऊ नये, असे तो म्हणत नाही. पुढच्या बैठकीसाठी अर्ज लिहा. पहिली सही मी करतो.