वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं, मग ओपन ॲक्सेस कशाला?

रसायन_मास्तर: काल एकाने लिहिलं की वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्राच्या योजनेत सरकारी संस्थांना आता सगळी जर्नल्स मिळतात, ओपन ॲक्सेसचं, म्हणजे पेपर सगळ्यांना फुकट वाचायला मिळावेत याचं, रडगाणं थांबवा. डोकं फिरलं. तीन वर्षांचे ६००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, पैसा आपल्या करातला. संशोधनाला पैसे सरकारचे, पेपर आपण लिहायचा, रिव्ह्यू आपण फुकट करायचा, कॉपीराइट मात्र त्यांना लिहून द्यायचा आणि तोच पेपर परत विकत घ्यायचा! एल्सव्हिअर या मोठ्या प्रकाशकाचा नफा तीस टक्क्यांच्या वर आहे, वर्षानुवर्षं. २०२७ ला ही तीन वर्षं संपली की ते सांगतील ती किंमत.

ग्रंथपाल_ताई: सर, मी सरकारी कॉलेजात आहे. पोरं साय-हबवर, म्हणजे चोरून पेपर फुकट देणाऱ्या साइटवर, जायची, ते २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली हायकोर्टाच्या आदेशाने ब्लॉक झालं. एमएस्सीच्या पोरीला पेपर आज पाहिजे, तुमची क्रांती होईपर्यंत तिने थांबायचं का?

रसायन_मास्तर: आणि खासगी विनाअनुदानित कॉलेजातल्या पोरीचं काय? योजनेच्या पहिल्या टप्प्यात ती नाहीच.

पोस्टडॉक_पुणेकर: ओपन ॲक्सेसमध्ये बिल वाचकाऐवजी लेखकाच्या नावावर फाटतं, एवढंच. नेचर जर्नलने ओपन ॲक्सेस सुरू केलं तेव्हा एका पेपरचे ९५०० युरो मागितले. आमच्या ग्रँटमध्ये वर्षाच्या केमिकल्सनाही तेवढे पैसे नसतात. शेवटी पेपर सबस्क्रिप्शनवाल्या जर्नललाच दिला.

मराठी_विभाग: तुमचं सगळं सायन्सचं. आमच्याकडे केअर यादी, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या जर्नल्सची यादी, होती, पुणे विद्यापीठातून चालायची, ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता व्हॉट्सॲपवर रोज मेसेज, पैसे भरा, तीन दिवसांत पेपर छापून देतो. माझ्या सहकाऱ्याचं प्रमोशन असल्याच पेपरांवर झालं, मी अजून तिथेच.

पोस्टडॉक_पुणेकर: केअर यादीत काय कमी बोगस जर्नल्स होती? यादीतल्या जर्नल्सच्या नकली वेबसाइट काढून लुटलेत लोकांना.

मराठी_विभाग: तुम्हाला स्कोपस, ती आंतरराष्ट्रीय जर्नल्सची यादी, आहे म्हणून बोलताय! मराठीत लिहिणाऱ्याने जायचं कुठे? यादीत मराठी नियतकालिकं तरी होती.

ग्रंथपाल_ताई: हे खरंय. आमच्या प्राध्यापिका रडल्यात माझ्यासमोर, पेपर छापून आल्यावर जर्नल यादीतून गेलं.

रसायन_मास्तर: विषय भरकटतोय. लेखकाकडून पैसे घेणारंच ओपन ॲक्सेस का धरता? करंट सायन्स बघा, १९३२ पासून बंगळुरूहून निघतं, वाचायला फुकट. ६००० कोटींतला थोडा वाटा अशा जर्नल्सना आणि मराठी नियतकालिकांना द्या.

पोस्टडॉक_पुणेकर: ठीक, पैशाचा मुद्दा मान्य. पण करंट सायन्समधल्या पेपरवर मला परदेशात नोकरी कोण देणार ते सांगा.

रसायन_मास्तर: निवड समितीत आपलेच लोक बसतात. त्यांना विचारा, पेपर वाचता की नुसता इम्पॅक्ट फॅक्टर, जर्नलच्या वजनाचा तो आकडा.