अनुभव धागा: गोचीड, जंत, उवा यांचं मूळ तुम्हाला कुठे सापडलं?

औषध फवारलं, गोळी दिली, थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. जनावरं पाळणाऱ्यांना हे नवं नाही. म्हणून एकच विचारते: जनावराच्या अंगाबाहेर उपद्रवाचं मूळ कुठे सापडलं, आणि तिथे काय केलंत? औषधाचं प्रमाण इथे कुणी देऊ नये, ते पशुवैद्यकांनी जनावर तपासूनच ठरवावं.

सुरुवात माझ्यापासून. आमची संकरित कालवड तापाने फणफणली, चारा सोडला. खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागत होती. रक्त तपासल्यावर थायलेरिया निघाला, म्हणजे गोचीडताप. बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून ती वाचली. मग गोठा पाहिला, तर भिंतीच्या भेगा गोचिडांनी भरलेल्या. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की गळून पडते आणि आडोशाला हजारो अंडी घालते. आम्ही भेगा बुजवल्या, जनावरांसोबत भिंतीही फवारल्या. अंडी फवारणीने सहसा मरत नाहीत, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा फवारावं लागलं.

*

माझ्या शेळ्यांचं मूळ ओल्या, खुरट्या गवतात होतं. हिमोंकस हा जंत पोटात बसून रक्त पितो, त्याच्या अळ्या गवताच्या बुडाशी असतात. जबड्याखाली पाणी उतरून सूज येते, पण तोवर बराच उशीर झालेला असतो. मी खालची पापणी उलटून पाहतो. लाल असेल तर ठीक, पांढरी पडली तर त्याच शेळीला औषध. सरसकट कळपाला पाजत राहिलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात. हे कळकळीने सांगतोय, कारण नवी औषधं सहजासहजी येत नाहीत. लेंड्या तपासून घ्या, औषधाआधी आणि नंतरही.

*

कोंबड्या दिवसा अगदी स्वच्छ दिसायच्या, तरी तुरे फिके आणि अंडी कमी. रात्री बॅटरी घेऊन खुराड्यात गेले तेव्हा बसायच्या दांड्यांच्या टोकांशी लाल गोचडीसारखे बारीक किडे वळवळत होते. हे लाल माइट रात्री रक्त पितात आणि दिवसा फटीत दडतात. उपाशी कित्येक महिने जगतात, म्हणून खुराडं नुसतं रिकामं ठेवून भागत नाही. दांडे काढून प्रत्येक सांधा साफ करावा लागला.

*

वरच्या ताईंचं माइटबाबत पटतं, पण उवांना ते लागू नाही. पिसांतल्या उवा सगळा जन्म पक्ष्याच्या अंगावरच काढतात, खाली पडल्या तर थोड्याच दिवसांत मरतात. गुदद्वाराजवळच्या पिसांच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे झुबके दिसले की उपचार पक्ष्यावरच हवा, आणि अंडी फुटल्यावर पुन्हा एकदा.

*

आमच्या म्हशींना यकृतातले चपटे कृमी. मूळ तळ्याकाठच्या गोगलगायींत. दलदलीला कुंपण घातलं, पाणी हौदावर पाजतो.

*

घोडीला सर्रा झाला होता, म्हणजे रक्तातल्या सूक्ष्म परजीवीचा आजार. ताप येई-जाई, अंग सुकत गेलं. गोमाशी आजारी जनावराचं रक्त तोंडाला घेऊन लगेच दुसऱ्याला चावते, म्हणून आधी घोडीला बाकीच्यांपासून लांब बांधलं.

*

कोंबडीच्या पिलांना रक्ती हगवण लागली, कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले सूक्ष्म परजीवी. मूळ गळकं पाण्याचं भांडं! ओल्या तुसात त्यांची अंडी एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना जुमानत नाहीत. भांडं बदललं, ओलं तूस रोज काढतो.